अनसूकाकी आणि पौषातला आंबा

अनसूकाकी कुठलीही नवी वस्तू आधी चाखून बघते. ती खायची असलीच पाहिजे असं काही नाही.

मी तिच्याकडे भाड्याने राहायला आलो तेव्हा खोलीला नुकताच रंग दिला होता. मी सहज विचारलं, "रंग वाळलाय ना?" दुसऱ्या कुणीही भिंतीला बोट लावून सांगितलं असतं. काकीने बोट लावलं आणि मग तेच बोट जिभेवर टेकवलं.

"वाललाय," ती म्हणाली. "पण पाणी जास्ती घातलंन मेल्यानं."

घर अष्टमी गावात आहे, रोह्याहून पूल ओलांडला की पाच मिनिटांवर. खाली काकी, तिच्या शेजारची खोली माझी, आणि वर गच्चीला लागून आणखी एक खोली. मी मूळचा पेणचा. बायको तिथे शाळेत शिकवते, मुलगी तिथेच शिकते, आणि माझी कंपनी रोह्याला. शिफ्टच्या वेळा सांभाळून रोज ये-जा जमेना म्हणून खोली घेतली. सुट्टीला पेणला जातो. काकीने माझं नाव एकदा विचारून घेतलं आणि पुन्हा कधी वापरलं नाही. मी 'पेणकर' झालो तो झालोच.

पहिल्या दिवशी मी पेणचे पोह्याचे पापड नेले होते. काकीने एक कच्चाच तोडला, डोळे मिटून चघळला आणि म्हणाली, "मीठ धरमतरच्या बाजूचं हाय. जाडं." पुढच्या सुट्टीत मी पापडवाल्या बाईंना मुद्दाम विचारलं. त्या म्हणाल्या, "दुकानातल्या पिशवीचं मीठ." मी ते काकीला येऊन सांगितलं. तिने माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "तिला काय म्हायत?"

डॉक्टर तिला घाबरून असत. दिलेली गोळी ती गिळत नसे, चोखत असे. डॉक्टरांनी समजावलं, "आजी, गोळी पाण्याबरोबर गिळायची असते." त्यावर काकी म्हणाली, "चोखल्याबिगर कलणार कसं काय दिलंन ते?" शेजारच्या मुलीला बघायला स्थळ आलं तेव्हा काकीने मुलालाच चहा करायला लावला. एक घोट घेतला आणि मुलीच्या आईला बाजूला नेऊन सांगितलं, "पोरगा कामाचा हाय, पण भित्रा. साखर चिमटी-चिमटीनं घातलीन." लग्न झालं. जावई खरंच भित्रा निघाला असं म्हणतात, पण संसार छान चाललाय.

मला तिने एकदा विचारलं, "तुझ्या कंपनीत काय बनतं?"

"पावडर."

"कशी लागते?"

"काकी, ती चाखली तर माणूस मरेल."

ती विचारात पडली. "मग चांगली झाली का वायट, तुमाला कलतं कसं?"

मी तिला प्रयोगशाळेतल्या मशिनींबद्दल सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे तुझं काम मशिन करतं." तेव्हापासून माझ्या नोकरीबद्दल तिचं मत फारसं चांगलं नाही. तशी ती मत द्यायची घाई करत नसे. "चव घेतल्याबिगर मत नाय," हे तिचं ठरलेलं वाक्य. पण एकदा मत झालं की ते बदलायचा प्रश्न नव्हता.

दिवाळीनंतर वरच्या खोलीत स्नेहल आली. चोवीस वर्षांची, सांगलीकडची, आमच्याच लॅबमध्ये नवी लागलेली. खोली मीच सुचवली होती, त्यामुळे तिच्या बऱ्यावाईटाची जबाबदारी न मागता माझ्यावर आली. तिच्या आईने डबाभर चटणी पाठवली होती. काकीने अख्खा चमचा तोंडात घातला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, पण थांबली नाही. म्हणाली, "हां. ही मानसं खरी." झालं, स्नेहल पास झाली.

पौष महिन्यात एका सकाळी काकी माझ्या दारात येऊन उभी राहिली. "पेणकर, आंब्याचा वास येतो."

"मोहोर आला असेल कुठेतरी."

"मोहराचा वास तू मला शिकवू नको. पिकलेला आंबा हाय. वरून येतो."

आठवडाभर तिला दुसरं काही सुचेना. स्नेहलला विचारलं, "आंबा आणलास काय गो?" स्नेहल म्हणाली, "नाही काकी, साबणाचा वास असेल." दुसऱ्या दिवशी काकीने मला सांगितलं, "साबण गुलाबाचा हाय." तो वासावरून कळला की कसा, हे मी विचारलं नाही. तिच्या ओठाला थोडा फेस होता.

मग तो दिवस आला. माझी दुसरी पाळी होती म्हणून सकाळी घरी होतो; स्नेहल पहिल्या पाळीला गेलेली. गच्चीवरून खोकल्याचा आवाज आला, तो थांबेना. मी धावत वर गेलो. गावाहून आलेले नवे तांदूळ काकीने उन्हात पसरले होते आणि त्यांच्या शेजारी ती कठड्याला टेकून बसली होती. डोळे लाल, एक हात छातीवर.

"पेणकर," ती म्हणाली, "माझ्या नाकातून धूर आला."

"काय?"

"धूर. मी काय इंजान हाय?"

दुसऱ्या हातात एक पोपटी रंगाची नळी होती. वहीत ओळी रंगवायचं जाड पेन असतं तेवढी. ती कठड्यावर पडलेली तिला सापडली. तिने टोक चाटलं, ते गोड लागलं. आत आंबा आहे अशी खात्री होऊन चोखायचा आंबा चोखतात तशी ती नळी तिने जोर लावून चोखली. नळीच्या खालचा बारीक दिवा लागला, आणि पुढचं मी ऐकलंच होतं.

तासभर तिला गरगरत होतं. मी लिंबूपाणी दिलं आणि सांगितलं की ही विजेवरची सिगारेट आहे. हिच्यात तंबाखूचं निकोटिन असतं, तेच चढलंय. हिला बंदी आहे.

"बंदी हाय तर त्या पोरीला मिलाली कशी?"

"मिळते. ओळखीपाळखीतून मागवतात."

"आणि सिगरेटीत आंबा कशाला?"

"पोरांना आवडावी म्हणून."

काकीने नळीचं टोक पुन्हा हुंगलं. "आंबा बी खोटा हाय," ती म्हणाली. "धड हापूस नाय, धड रायवल नाय. आंबा कदी न खाल्लेल्या मानसानं बनवलाय."

मला स्नेहलची काळजी वाटू लागली. म्हणालो, मी बोलतो तिच्याशी. काकी म्हणाली, "तू नको. चव मी घेतलेय."

संध्याकाळी स्नेहल आली. काकीने तिच्यासमोर चहा ठेवला, बटर ठेवले, आणि तिसऱ्या बशीत ती नळी ठेवली. पोरगी पांढरीफटक पडली.

"तुझी काय गो?"

"हो." मग घाईघाईने, "काकी, मी रोज नाही ओढत. कधीतरीच."

"वास रोज येतो."

मला वाटलं आता आरडाओरडा होणार. काकीने बशी तिच्याकडे सरकवली आणि विचारलं, "का ओढतेस?"

हा प्रश्न तिने रागाने विचारला नव्हता. पापडात मीठ कुठलं, हे जसं तिला कळून घ्यायचं असे, तसंच हेही. स्नेहल म्हणाली, "सिगारेटपेक्षा बरी असते."

"तू सिगरेट ओढायचीस?"

"नाही."

"मग कशापेक्षा बरी?" काकीने मान हलवली. "ही चव खरी नाय. दुसरं सांग."

पुढचे पंधरा दिवस हाच कार्यक्रम. स्नेहल कामावरून आली की काकी चहा ठेवायची आणि स्नेहलने कारण द्यायचं. पाळीत झोप येते म्हणून. तर काकी म्हणायची, सुट्टीच्या दिवशी कुठली पाळी? सगळेच ओढतात म्हणून. तर, पेणकर ओढत नाय. वास राहत नाही, घरी कळत नाही म्हणून. यावर काकीने मान डोलावली. "हां, हे थोडं खरं हाय. पण हे लपवायचं कारण झालं, ओढायचं नाय."

एवढ्यावर ती थांबली असती तर बरं. पण संध्याकाळी ती पुलापर्यंत पाय मोकळे करायला जायची, आणि तिथे कॉलेज संपवून नुकती नोकरीला लागलेली पोरं तसल्याच नळ्या ओढत उभी असायची. काकीने त्यांनाही विचारायला सुरुवात केली. मी एकदा बरोबर होतो. मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. पण पोरांनी उत्तरं दिली. एक म्हणाला, टेन्शन. एक म्हणाला, धुराची वर्तुळं मस्त येतात. एक उंच पोरगा, साधा, म्हणाला, "आजी, हातात कायतरी असलं की कसं उभं राहायचं ते कळतं." काकी घरी येईपर्यंत त्याच्याबद्दलच बोलत होती. "त्यानं खरं सांगितलंन."

अशात एका संध्याकाळी स्नेहलचा संयम सुटला. तिने कप खाली ठेवला. "काकी, मी एक विचारू? तुम्ही मशेरी का लावता?"

मी भिंतीकडे बघू लागलो. काकी पन्नास वर्षं मशेरी लावत होती. तव्यावर तंबाखू भाजायची, कुटायची, डबीत भरायची, आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ मागच्या पायरीवर बसून बोटाने दातांवर घासायची. घरात हे कुणी बोलत नसे, कारण ते मागच्या दारासारखंच घराचा भाग होतं.

"दातासाटी," काकी म्हणाली.

"किती आहेत?"

"सात," काकी म्हणाली आणि उठून आत गेली.

दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही. स्नेहल रडकुंडीला आली. मला म्हणाली, "सर, मी उद्धट बोलले." मी म्हणालो, "उद्धट नाही, पण बरोबर बोललीस. त्याचंच जास्त लागतं."

दरम्यान काकीच्या हातून एक गोष्ट घडून गेली होती. तिचा मुलगा राजेश पनवेलला असतो. फोनवर बोलताना तिने त्याला मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं की आपण नाकातून धूर काढला. राजेश रविवारी थेट घरी आला. मी त्या रविवारी पेणला गेलो नव्हतो. प्रकरण कुठे जातंय याचा धसका होताच.

राजेश माणूस वाईट नाही. आईच्या काळजीने आलेला. पण तो जोरात बोलत होता आणि स्नेहल जिन्याच्या पायरीवर उभी राहून ते ऐकत होती. "आई, ती वस्तू बंदीतली आहे. उद्या पोलीस आले तर घरमालक म्हणून तुला विचारतील. आणि तू ती तोंडात घालतेस! तिला सांग, या महिन्यात खोली सोड."

काकीच्या तोंडात मशेरी होती. ती उठली, मागे गेली, चूळ भरली, पदराने तोंड पुसलं आणि येऊन उभी राहिली.

"मग पयली मी निघतं."

"तू कशाला?"

"माझ्या तोंडात बी तंबाखूच हाय. पन्नास वर्सं. तुला दूध पाजत होतं तवा बी व्हती."

"आई, ते वेगळं."

"वेगलं कसं? मी दोन्हीची चव घेतलेय. तू घेतलीस काय?"

राजेशने माझ्याकडे पाहिलं. तो जेवला, थोडा वेळ बसला, निघताना स्नेहलला म्हणाला, "आईकडे बघा जरा," आणि गेला. त्याला यायला उशीर होतो, तो कमी येतो, पण शेवटी जे म्हणायचं असतं ते म्हणून जातो.

तो गेल्यावर काकी मागच्या पायरीवर जाऊन बसली. स्नेहल तिच्या शेजारी. मी दारात उभा. काकी आमच्याकडे न बघता बोलू लागली.

"एकोनीस वर्सांची व्हतं मी. गागोद्याच्या बाजूचं माहेर. हितं आलं तर घरात अकरा मानसं. सकालपासून 'अनसू, अनसू.' बसायला मिलायचं नाय. बसलेली दिसली की कायतरी काम निघायचं. माझी मोठी जाऊ मशेरी लावायची. मी बगितलं, ती हितं पायरीवर बसली की सासू तिला हाक मारत नाय. तोंड भरलेलं, बोलायचं कसं? उठायचं कसं? तवा मी बी लावायला लागलं. पयल्या दिवशी वकलं. तरी लावली." तिने पदराने हात पुसले. "तेवडी धा मिन्टं माझी व्हती, पोरी. आणि जाऊ शेजारी बसलेली असायची. दोगी बी गप. पन बरं वाटायचं."

मग स्नेहल म्हणाली, "काकी, आम्ही चौघी होतो हॉस्टेलला. पुण्याला. जेवण झालं की गच्चीवर जायचो. एकच होती, चौघींत फिरवायचो. आंब्याचीच. सगळं बोलणं तिथे व्हायचं. खाली खोलीत आलो की प्रत्येकीचं तोंड मोबाईलमध्ये." ती नखाने पायरीवरचा चुना खरवडत होती. "आता एक बंगळुरूला, दोघी पुण्यातच. ग्रुप आहे आमचा, पण त्यावर वाढदिवसाशिवाय कुणी बोलत नाही. इथे गच्चीवर गेले आणि ओढली की दोन मिनिटं वाटतं, त्या आहेत."

"हां," काकी म्हणाली.

"पण आता तेवढंच नाही राहिलं. सिगारेट संपते तरी. ही संपतच नाही, किती ओढली कळत नाही. नसली की हात थरथरतात. लॅबमध्ये सरांवर उगाच चिडते. दोनदा सोडली, दोनदा परत घेतली."

तेवढ्यापुरती काकीची चौकशी संपली. तिने स्नेहलच्या डोक्यावर हात बित ठेवला नाही. फक्त म्हणाली, "उद्या दवाखान्यात जाऊ. दोगी बी."

सरकारी दवाखान्यातल्या बाकावर दोघी शेजारी बसल्या होत्या. डॉक्टरीणबाईंना वाटलं आजी नातीला घेऊन आली आहे. मग कळलं की दोघीही रुग्ण आहेत. त्यांनी नीट समजावलं, तलफ आली की काय करायचं ते सांगितलं, चघळायच्या गोळ्या लिहून दिल्या. काकीने तिथेच एक तोंडात टाकली. "पुदिना हाय," ती म्हणाली. "पण मागून मिरी लागते." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तसंच लागतं. काकीला त्या फार आवडल्या.

पुढचे दोन महिने माझ्या आयुष्यातले कठीण होते. घरी काकी चिडलेली, लॅबमध्ये स्नेहल. एके दिवशी आमटीत मीठ नव्हतं आणि त्याच दिवशी लॅबमध्ये दोन चंचुपात्रं फुटली. मी दोन्हीकडे गप्प राहिलो. स्नेहल एकदा घसरली, तिने स्वतःच येऊन सांगितलं. काकीही एकदा घसरली. तिने दाढदुखीवर ढकललं, पण ज्या बाजूची दाढ सांगितली त्या बाजूला तिला दात नव्हता. संध्याकाळी कामावरून आल्यावर स्नेहल चहा घेऊन गच्चीवर जायची आणि काकी गुडघे धरत जिना चढून तिच्या मागोमाग. दोघी कठड्याशी उभ्या राहायच्या. काय बोलायच्या ते मला माहीत नाही. पुष्कळदा काहीच बोलत नसाव्यात. पावसाळा लागेपर्यंत दोघींचंही सुटलं.

दसऱ्याच्या आसपास स्नेहलला पुण्यात नोकरी लागली. पगार, बढती सगळं होतंच, पण मला ती सांगताना आधी म्हणाली, "सर, हॉस्टेलच्या त्या दोघी तिथेच आहेत." मला मनापासून बरं वाटलं. जायच्या दिवशी काकीने तिला डबा बांधून दिला, रिक्षापर्यंत गेली, आणि रिक्षा वळायच्या आत घरात परत आली. मला म्हणाली, "खोली झाडून घ्यायला हवी." मी म्हणालो, उद्या झाडू. तिने त्याच दिवशी झाडली.

आठ-दहा दिवसांनी मी सकाळी पहिल्या पाळीला निघण्याआधी तोंड धुवायला मागे गेलो. काकी पायरीवर बसली होती. पाठमोरी. मी आल्याचं तिला कळलं, पण तिने वळून पाहिलं नाही. उजव्या हाताची तर्जनी काळी झाली होती आणि डबी मांडीवर उघडी होती. तिने ती पदराखाली घेतली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, पुन्हा बाहेर काढून ठेवली.

मला डॉक्टरीणबाई आठवल्या. 'पुन्हा जाऊ या का' असं विचारायचं होतं, आणि पुढच्या आठवड्यात मी ते विचारलंही, आणि ती आलीही. पण त्या सकाळी माझ्या तोंडात ब्रश होता, पेस्टचा फेस होता, बोलता येण्यासारखं नव्हतं. मी तसाच तिच्या शेजारी पायरीवर बसलो. समोरच्या पेरूवर बुलबुल आला होता. आम्ही दोघं आपापले दात घासत राहिलो.

थोड्या वेळाने काकी जरा सरकली, आणि चूळ भरायचा तांब्या तिने उचलून दोघांच्या मधे ठेवला.